थंड गाडीचा जबाब

आमचे घरमालक गाडी दुरुस्त करायला पांढराशुभ्र सदरा घालून उतरायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हे कुठल्यातरी लग्नाला निघालेत आणि वाटेत बोनेट उघडं दिसलं म्हणून थांबलेत. मी काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, विचारलं. त्या म्हणाल्या, "मळका सदरा घातला तर तेल कुठून उडतंय ते कळणार कसं, असं त्यांचं म्हणणं आहे. धुवायला मी आहेच."

पंचवटीत, पेठ नाक्याकडे जाताना आत वळलं की त्यांचं बैठं घर होतं. मागच्या दोन खोल्यांत मी राहायचो. तेव्हा मी एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला आणि बी.एस्सी. होऊन बाहेर पडलेला मी पहिला. हे मी तेव्हाही सांगायचो, आजही सांगतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. घरमालक सरकारी वर्कशॉपात फिटर म्हणून लागले होते आणि फोरमन होऊन निवृत्त झाले होते. मी त्यांना काका म्हणायचो, ते मला मास्तर म्हणायचे. स्वतःची गाडी त्यांनी कधी घेतली नाही. सायकलवर फिरायचे, आणि चढ आला की उतरून तीही हातात धरून न्यायचे. "तिला दम लागतो," म्हणायचे.

गल्लीतल्या लोकांच्या गाड्या, पाण्याचे पंप, शिलाई मशीन असलं काहीबाही ते बघून द्यायचे. पण त्यांची एक अट होती. कापडी पुठ्ठ्याची एक लांबडी वही होती, तिला ते जबाबाची वही म्हणायचे. वस्तू घेऊन येणाऱ्याने आधी त्या वहीत स्वतःच्या हाताने बिघाडाचा जबाब लिहायचा. डोळ्यांना दिसलं, कानांना ऐकू आलं, हाताला लागलं, नाकाला वास आला, एवढंच. 'मला वाटतं' असं कुठे आलं की ते वही परत सरकवायचे. "वाटण्याचं नंतर बघू. पाहिलंत काय ते लिहा." शेवटी एक प्रश्न ठरलेला असायचा: याला कोणाकोणाचा हात लागला? त्याचं उत्तर लिहून खाली सही होईपर्यंत काका पान्याला हात लावायचे नाहीत.

शेजारच्या वहिनी एकदा मिक्सर घेऊन आल्या. त्यांनी लिहिलं, 'मिक्सर बिघडला आहे.'

काका म्हणाले, "हा तर निकाल झाला, वहिनी. जबाब कुठाय?"

वहिनी बिचाऱ्या चटणीचं भांडं काखेत धरून अर्धा तास लिहीत बसल्या. लिहिता लिहिता त्यांनाच आठवलं की आदल्या दिवशी खोबऱ्याचा तुकडा खाली घसरला होता. काकांनी मिक्सर उघडलासुद्धा नाही. वहिनींनीच घरी नेऊन तुकडा काढला, आणि वर "काका किती हुशार" असं गल्लीभर सांगितलं.

काकूंचा यावर टोमणा ठरलेला असायचा. "माझ्या गुडघ्याचा पण जबाब घेतलाय यांनी. चार पानं भरली. गुडघा होता तसाच आहे."

"तू शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस," काका शांतपणे म्हणायचे.

"या वयात माझ्या गुडघ्याला कोणाचा हात लागणार?"

यावर काका चष्मा पुसायला घ्यायचे.

मला त्या वहीचं हसू यायचं. शाळेत मीही मुलांना प्रयोगवहीत निरीक्षण एका जागी आणि अनुमान दुसऱ्या जागी लिहायला लावायचो. पण ते पोरांसाठी. शिकलेल्या माणसाने इतकं काटेकोर कशाला लिहायला हवं, अशी माझी समजूत.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला मी एक जुनी गाडी घेतली. एका डॉक्टरांनी वापरलेली, पांढरी, कार्बोरेटरची. घेण्यामागे हौस होतीच, पण आईही होती. कळवण रोडला आमचं गाव. अंगणात उभं राहिलं की वणीचा गड दिसतो. गडाच्या पायऱ्या आई तेव्हाही सहज चढली असती, पण तिला एसटी लागायची. नांदुरीच्या घाटात गाडी वळणं घ्यायला लागली की उलट्यांनी तिचे फार हाल व्हायचे. शेवटी तिने जाणंच सोडलं. सहा-सात वर्षं ती अंगणातूनच हात जोडत होती. मी तिला कबूल केलं होतं की माझ्या गाडीत, खिडकीपाशी बसवून, सावकाश नेईन.

गाडी पहिल्यांदा गावी नेली तेव्हा निम्मं गाव जमलं. मी बोनेट उघडलं आणि शाळेत शिकवतो तसं शिकवायला सुरुवात केली. इथे हवा येते, इथे पेट्रोल येतं, इथे दोन्ही मिसळतं. आमचे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, झेंडू लावायचे, त्याचे हार बांधायचे आणि नाशिकच्या फुलबाजारात आणून विकायचे. ते सगळ्यांच्या मागे हात बांधून उभे होते. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "यात मेन काय रं?"

मी कार्बोरेटरच्या बाजूचा खटका बोटाने ओढला. इंजिन गरजलं आणि पोरं दोन पावलं मागे सरली. मला फार बरं वाटलं. "हा एवढासा खटका, नाना. पायाने दाबलं की हा फिरतो, आणि गाडी पळते. सगळी गाडी याच्यावर." नानांनी मान डोलावली. मग इंजिन बंद करून मी चहाला आत गेलो. बोनेट उघडंच होतं.

दोनेक आठवडे गाडी चांगली चालली. मग तिची रेस चढून राहायला लागली. म्हणजे पाय काढला तरी आवाज खाली यायचा नाही. गाडी उभी, आणि आत पिठाची गिरणी चालू. कधी दिवसभर काही नाही, कधी दर चौकात. नाक्यावरच्या मेकॅनिकने एक स्क्रू पिळून आवाज उतरवून दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आणि मग एका गुरुवारी शाळेतून येताना, पेठ नाक्याच्या उतारावर, मी पाय उचलला आणि गाडी पळतच राहिली. ब्रेक दाबून धरला, किल्ली बंद केली, आणि एका भाजीच्या हातगाडीपासून वीतभर अंतरावर थांबलो. भाजीवाली मेथीची जुडी हातात धरून तशीच उभी होती. तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"मास्तर दिसता," ती म्हणाली. "पोरान्ला शिकवता ना? मग आधी थांबायचं शिका."

घरी आलो तर काका ओट्यावर चहा घेत होते. मी इंजिन बंद करणार तेवढ्यात त्यांनी हाताने थांबवलं, उठून आले, आणि चहाची बशी बोनेटवर ठेवली. बशीतला चहा नुसता थरथरत नव्हता, काठावरून सांडत होता. काकांनी तो बघितला, उरलेला पिऊन टाकला आणि म्हणाले, "किल्ली द्या."

किल्ली त्यांनी स्वयंपाकघरात कालनिर्णयाच्या खिळ्याला अडकवली.

"काका, मंगळवारी आईला गडावर न्यायचंय."

"त्याच रस्त्याने उतरायचंय पण ना? आज गुरुवार आहे. जबाब लिहा."

मी लिहिला. 'कार्बोरेटरमधील हवा व इंधन यांच्या मिश्रणाचे प्रमाण बिघडल्यामुळे इंजिनाचे फेरे वाढत असावेत.' काकांनी तो दोनदा वाचला.

"भाषा झकास आहे. यात गाडी कुठाय?" त्यांनी सगळ्यावर एक सरळ रेघ मारली. "मास्तर, प्रयोगवहीत तुम्ही पोरांना आधी काय लिहायला लावता, निरीक्षण की अनुमान?"

मला राग आला. मी परत लिहिलं. पाय काढल्यावर आवाज किती वेळ राहतो, सकाळी काय होतं, दुपारी काय होतं, नाक्यावर कुठला स्क्रू पिळला. शेवटच्या प्रश्नापुढे लिहिलं, 'फक्त माझा आणि नाक्यावरच्या मेकॅनिकचा.' खाली सही केली. तेव्हा मी सही इंग्रजीत करायचो, खाली दोन रेघा ओढून.

काका गाडीला हात लावायचे ते सकाळी, ती रात्रभर उभी राहून थंड झाली असताना. "गरम गाडी नुसती ओरडते. थंड असताना विचारलं की सांगते." शुक्रवारी सकाळी त्यांनी मला आत बसवलं आणि इंजिन बंद असतानाच पाय दाबून सोडायला सांगितलं. स्वतः डोळे मिटून बोनेटपाशी उभे. दाबा. सोडा. परत. नवव्या वेळेला त्यांनी बोट वर केलं. "या वेळी खटका उशिरा मागे आला." मला काहीच कळलं नव्हतं.

मग गाडी चालू केली. रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं टोक त्यांनी कार्बोरेटरच्या आजूबाजूला फिरवलं. कुठून हवा ओढल्याचा आवाज नव्हता. चोक उघडा होता. पायाकडून येणारी तार सैल होती, म्हणजे तारही ओढून धरत नव्हती. शेवटी नाक्यावर पिळलेला तो स्क्रू बघितला. पाय काढला की खटका मागे येऊन त्या स्क्रूवर टेकतो आणि आवाज तिथे थांबतो, अशी ती रचना. काकांनी स्क्रू सगळा मागे घेतला. आवाज जरासुद्धा उतरला नाही.

काका सरळ उभे राहिले, हात मागे बांधले. "खटका स्क्रूवर टेकतच नाही. तरी वरच थांबलाय. म्हणजे मधे दुसरं कोणीतरी टेकतंय."

"मग काढा ना काका. दोन मिनिटांचं काम."

"तापलीय आता. हात भाजला की माझं बघण्यात लक्ष राहत नाही. उद्या." आणि ते आंघोळीला गेले.

मी काकूंपुढे तणतणलो. त्या गवारीच्या शेंगा मोडत होत्या. म्हणाल्या, "तुम्ही नवे आहात म्हणून सांगते. यांच्या एका रिपोर्टवर एक ड्रायव्हर घरी बसला होता. ट्रक भिंतीवर गेला. यांनी त्याला न विचारता लिहून दिलं, चालकाची चूक. महिन्याभराने ट्रक उघडला तर रेसची स्प्रिंग तुटलेली. रिपोर्ट बदलून दिला यांनी, पण तोवर तो माणूस बायकापोरं घेऊन कुठे निघून गेला होता. बरेच दिवस शोधत होते त्याला, याच सायकलवर. तेव्हाची आहे ही वही." मग शेंगांकडे बघत म्हणाल्या, "मी म्हटलं असं त्यांना सांगू नका."

शनिवारी सकाळी काकांनी एअर फिल्टरचं भांडं उतरवलं आणि न्हाव्याकडे असतो तसला लहान आरसा खटक्याच्या मागे धरला. बराच वेळ धरून ठेवला. मग आरसा तसाच ठेवून मला म्हणाले, "या इकडे. काय दिसतंय? वाटतंय ते नको."

चिंचोक्याएवढी काळी गाठ दिसत होती. तिचं एक टोक स्प्रिंगमध्ये गुंतलेलं, आणि गाठ बरोबर खटका आणि स्क्रू यांच्या मधे. काकांनी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ती जराशी खरवडली. तेलाच्या काजळीखाली लाल सूत होतं.

गडावरचा, देवीच्या प्रसादाचा नाडा. मी लगेच ओळखला. मी गाडी गावी नेण्याच्या आदल्याच दिवशी नाना एसटीने गडावर जाऊन आले होते.

मी पक्कड उचलली. काकांनी माझं मनगट धरलं. माझ्या हाताचं तेल त्यांच्या पांढऱ्या बाहीला लागलं.

"कोणाचा आहे?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

खोटं बोललो. उभी हयात वर्कशॉपात काढलेल्या माणसासमोर, माझा बाप इंजिनाला नाडा बांधतो हे सांगायची मला लाज वाटली. मी, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. काकांनी आरसा पुसून खिशात ठेवला, बोनेट लावलं. "मग किल्ली राहू द्या खिळ्याला."

ते ओट्यापर्यंत गेले तेव्हा मी म्हणालो, "नानांचा आहे. माझ्या वडिलांचा."

"बरं."

"काका, कापून टाकू या. नानांना कळलं की आपल्या नाड्यामुळे गाडी अडकत होती, तर ते जन्मात तिच्यात बसणार नाहीत. आईलाही बसू देणार नाहीत. एवढं सगळं तिच्यासाठी केलं."

"आणि पुढच्या दसऱ्याला त्यांनी तिथेच दुसरा बांधला तर?"

मी पक्कड खाली टाकली.

"मग वहीत तरी लिहून टाका नानांचं नाव, म्हणजे झालं," मी चिडून म्हणालो.

"माणूस समोर नसताना त्याच्या नावावर काही लिहायचं नाही," काका म्हणाले. "बाजारात कधी येतात?"

रविवारी नानांचा माल असायचा. नऊच्या सुमाराला ते रिकाम्या पाट्या घेऊन आले. अंगाला झेंडूचा वास, टोपीत एक पाकळी अडकलेली. काकांनी आधी चहा दिला, बशीतून. चहा संपेपर्यंत फुलांच्या रोगाबद्दल विचारलं. मग गाडीपाशी नेऊन आरसा धरला.

नाना वाकले. "हा तर माझा नाडा हाय, मालक."

"हो. तो या खटक्याला मागे येऊ देत नव्हता. मास्तरांनी पाय काढला तरी गाडी थांबत नव्हती."

नाना हळूहळू सरळ झाले. माझ्याकडे बघितलं नाही. गाडीकडेही नाही. ओट्याच्या पायरीवर जाऊन बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"म्हंजी माझ्यापायी पोरगं मेलं असतं."

"मेलं नाही. थांबलं," काका म्हणाले. ते नानांच्या शेजारी पायरीवर बसले, त्या पांढऱ्या सदऱ्यानिशी. "मला एवढंच सांगा नाना, इतकी मोठी गाडी. नाडा बरोबर इथेच का बांधला?"

"यानंच सांगितलं व्हतं ना," नाना माझ्याकडे हात करून म्हणाले. "समद्या गावाम्होरं. सगळी गाडी याच्यावर चालती, म्हनला. मग देवीला सांगायचं, तर मेन जागीच सांगाया पायजे. हा चहाला गेला तवा बांधला. याला आवडत नाय म्हणून बोललो नाय."

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, तुमचा जबाब अपुरा आहे."

मी वही आणली. माझ्या सहीच्या वर थोडी जागा होती, तिथे बारीक अक्षरात लिहिलं: 'बोनेट उघडून खटका मीच दाखवला. सगळी गाडी याच्यावर चालते, असे मीच सांगितले. नंतर बोनेट उघडे टाकून मी आत गेलो.' काकांनी वाचलं. "आता पुरा झाला." मग नानांना मोठ्याने वाचून दाखवलं. नाना ऐकत होते. मग त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली.

मी परत पक्कड पुढे केली. नाना म्हणाले, "देवीचा नाडा कापत्यात व्हय? सर बाजूला."

ती गाठ मी आदल्या दिवशी बोटाने चाचपून पाहिली होती. दगड झाली होती. नानांनी दोन्ही हात आत घातले, मान दुसरीकडे वळवली आणि नुसत्या नखांनी ती उकलली. आयुष्यभर हार बांधलेली बोटं. काका आरसा धरून बघत होते, पण गाठीकडे नव्हे, त्या बोटांकडे. शेवटचा पीळ सुटला आणि खटका टक् करून मागे जाऊन बसला.

"वर्कशॉपात हवे होतात तुम्ही," काका म्हणाले.

"मी काय, सुटतंय तेवढं सोडतो."

स्क्रू परत जागेवर आणून गाडी चालू केली. काकूंनी स्वतः होऊन चहाची बशी आणून बोनेटवर ठेवली. चहावर बारीक लहरी उठत होत्या, एकसारख्या. काठापर्यंत जात होत्या आणि तिथेच थांबत होत्या.

मग नानांचा जबाब. नाना शाळेत गेले नव्हते, म्हणून ते बोलले आणि मी लिहिलं. दोनच ओळी झाल्या: नाडा मी बांधला, आणि मीच सोडला. काका शाईचं पॅड शोधायला आत गेले, तेवढ्यात नानांनी वही पुढे ओढली. त्यांचा अंगठा गाठीच्या काजळीने आणि नाड्याच्या कुंकवाने माखलेलाच होता. तोच दाबला.

नाडा धुऊन कुठे बांधायचा यावर थोडी चर्चा झाली. काकांनी गाडीतल्या आरशाची दांडी सुचवली. "तिथून देवी मास्तरांवर लक्ष ठेवील. मास्तरांनी रस्त्यावर ठेवावं." नाना हसले. त्या सकाळी पहिल्यांदा.

मंगळवारी आई खिडकीपाशी बसली, लिंबू मुठीत धरून. ते हुंगायची वेळ आली नाही. गडावर तिने देवीपाशी इतका वेळ लावला की मागची रांग कुरकुरायला लागली. उतरताना नाना माझ्या शेजारी बसले होते. घाटात प्रत्येक वळणावर ते दरीकडे नाही, रस्त्याकडे नाही, माझ्या पायाकडे बघत होते. मी पाय उचलायचो, आवाज उतरायचा, आणि नानांचे खांदे तेवढेच खाली यायचे. नांदुरीला सपाटी लागली तेव्हा ते म्हणाले, "ऐकती आता." मागे आई झोपली होती.

पुढे मी स्वतःचं घर बांधलं, त्या दोन खोल्या सोडल्या. काका गेले तेव्हा सायकल भिंतीला टेकून उभी होती, हवा भरलेली. तेराव्यानंतर काकूंनी वहीची पानं काळजीपूर्वक उसवली आणि ज्याची त्याला नेऊन दिली. गुडघ्याची चार पानं तेवढी त्यांनी ठेवून घेतली.

माझं पान माझ्या कपाटात आहे. बॉलपेनने लिहिलेलं उडत चाललंय. दोन रेघा ओढलेली माझी इंग्रजी सही आता उजेडात तिरकं धरून वाचावी लागते. नानांचा अंगठा मात्र तसाच आहे, काळा आणि मधे थोडा लाल, आणि त्याचं तेल पाठीमागच्या कोऱ्या बाजूलाही उतरलंय.